भिंतीवरच्या वाकळा

१

टाळी वाजवली की खोली कळते, असं सम्यकचं म्हणणं. तो मागच्या खोलीच्या मधोमध उभा राहायचा, एकच टाळी वाजवायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. टाळीच्या मागोमाग पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा चर्र आवाज यायचा.

"ऐकलंत, पप्पा? ही खोली खोटं बोलते."

स्पीकरमधून एक बाहेर पडतं, भिंती त्यात आपलं मिसळतात आणि कानाला तिसरंच ऐकू येतं. अशा खोलीत गाण्याचं मिक्सिंग केलं तर ते इथं गोड लागतं आणि बाहेर बोंबलतं. हे सगळं त्यानं मला समजावून सांगितलं आणि मी लगेच त्याच्या बाजूनं झालो. खोटं बोलणाऱ्यांशी माझं जुनं वैर आहे. मंत्री, बिल्डर, कुलगुरू, साखर कारखान्यांचे चेअरमन, या सगळ्यांच्या तोंडासमोर बातमीदार म्हणून मी टेपरेकॉर्डर धरला आणि नंतर तीच टेप त्यांना त्यांच्या दालनात ऐकवली. अब्रुनुकसानीच्या नोटिसांची फाईल माझ्याकडं अजून आहे. त्यातली एकही टिकली नाही, कारण माझ्याकडं आवाज असायचा. माणूस फिरतो, कागद फिरवता येतो, पण आवाज फिरत नाही, यावर माझा विश्वास होता.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घराची ही मागची खोली बुटकी आणि जवळजवळ चौकोनी आहे. आधी तिथं गव्हाची कोठी, बंद पडलेला कूलर आणि माझ्या कात्रणांचे गठ्ठे होते. ते काढून सम्यकनं तिथं संगणक आणि दोन स्पीकर मांडले. सगळा खटाटोप एका गाण्यासाठी होता.

सत्यभामा, माझी बायको, उभा जन्म गायली. बिडकीन, पाचोड, पैठण, जिथं जयंती असेल तिथं तिची गायन पार्टी असायची. पण रेकॉर्डिंगला कधी बसली नाही. "मशीनपुढं तोंड उघडत नाही मी. मशीन काय मान डोलावतंय?" असं म्हणायची. लेकानं फारच नाद धरला तेव्हा याच खोलीत, माईकसमोर, एकदाच एक गाणं गायली. तिचं स्वतःचं. म्हातारपणी सही शिकलेल्या बाईचं.

नाव माझं लिहिलं गं, माझ्याच हातानं.

त्यानंतर काही महिन्यांनी दुपारचा चहा टाकायला उठली आणि ओट्याजवळच गेली. तिचा आवाज म्हणून जगात जे काही उरलं होतं ते एवढं एकच गाणं. वर्षश्राद्धाचा प्रकार आमच्यात नसतो, पण पहिल्या स्मृतिदिनाला पार्टीतल्या बाया विहारात जमणार होत्या आणि सम्यक त्यांना ते गाणं नीट करून ऐकवणार होता.

२

आवाज शोषायला पिवळसर लोकरीच्या लाद्या मिळतात. सम्यकनं त्या आणल्या. त्यांची कूस हवेत उडाली आणि माझा दमा असा उसळला की दोन रात्री मी उशाला पंप घेऊन बसून काढल्या. लाद्या परत गेल्या.

"जाड कापडही चालतं," सम्यक म्हणाला. "पण थरावर थर पाहिजेत. पडदा लावून भागणार नाही."

कल्पना माझीच. सत्यभामेच्या सुती साड्या पेटीत तशाच पडल्या होत्या. बायकांना वाटून टाका, असं सगळ्यांनी सांगूनही मी पेटीला कुणाला हात लावू दिला नव्हता. मी बिडकीनला आशाबाईला फोन केला. आशाबाई म्हणजे सत्यभामेची कोरसवाली. ही गायची, ती बाजूला बसून टाळीवर झेलायची. वाकळ शिवण्यात तिचा हात धरणारं त्या भागात कुणी नाही.

ती आली, आमच्या हॉलमध्ये साड्या पसरून बसली आणि माझ्याकडं बघून हसली.

"दाजी, वाकळ अंगावर घ्यायची असती. भितीला काय थंडी वाजती व्हय?"

"भिंतीला नाही. आवाजाला पांघरायचंय."

"लई शिकलेली मानसं बाई तुम्ही."

तिचे टाके सरळ रेषेत, मुंग्यांच्या रांगेसारखे पडत. थरात साडी, साडीत साडी. काही ओळखीच्या होत्या, मी तिकडं बघायचं टाळलं. पहिली वाकळ होत आली, एक कोपरा तेवढा उघडा राहिला, तेव्हा तिनं सुई थांबवली.

"सम्यक, भाकरीचा तुकडा आन रे बाबा."

"कशाला, मावशी?"

"हिच्या पोटात घालायला. तुकडा घातल्याबिगर शेवटचा टाका मारत नसत्यात. वाकळ उपाशी राहती."

माझं टाळकं फिरलं. "आशाबाई, आपण कशाकशातून बाहेर आलो, आणि तुम्ही चिंध्यांना जेवू घालायला निघालात? माझ्या घरात हे चालायचं नाही."

"उंदीर पण येतील, मावशी," सम्यक म्हणाला. "वायरी कुरतडतील."

"येवढासा तुकडा. बाईनं बी घातलाच असता."

"तिनं नसता घातला. मी ओळखतो तिला."

"तुमच्यासमोर नसता घातला," आशाबाई म्हणाली. सम्यक फिस्सकन हसला. मीही हसलो असतो, पण भांडणात मी मध्येच हसत नाही.

तिनं तुकडा न घालताच कोपरा शिवला, दातानं दोरा तोडला आणि पुढची वाकळ घेतली. सगळ्या तशाच शिवल्या. जाताना उरलेले साड्यांचे काठ मागून घेतले, स्वतःसाठी. चहा मात्र घेतला नाही.

३

वाकळा कुठं लावायच्या हे आरशानं ठरवतात. सम्यक खुर्चीत बसला आणि मी भिंतीच्या कडेकडेनं सत्यभामेचा हातातला आरसा सरकवत गेलो. जिथं त्याला आरशात स्पीकर दिसेल तिथून आवाज परत फिरतो, तिथं खूण करायची. काम मला आवडलं. खोटं नेमकं कुठून येतं हे असं बोट ठेवून दाखवता आलं असतं तर माझी अर्धी नोकरी सोपी झाली असती.

लाकडी चौकटींवर वाकळा ताणून आम्ही त्या भिंतीपासून वीतभर अंतर सोडून टांगल्या. कोपऱ्यांत तिरक्या, एक छताला, एक दाराच्या पाठीला, काचेची झडप तेवढी मोकळी ठेवून. शेवटची टांगून झाल्यावर सम्यकनं टाळी वाजवली.

टाळी हातातच मेली.

"वा!" तो म्हणाला. तो 'वा' त्याच्या ओठांपासून पुढं आलाच नाही. मी काहीतरी बोललो तर माझा आवाज हनुवटीवरून खाली गळून पडल्यासारखा वाटला. कान दडपले. बाहेर वरातीचा डीजे चालला होता, ज्याबद्दल मी पोलिस ठाण्यात दोनदा भांडून आलो आहे. दार लावलं आणि तो डीजे जगातून नाहीसा झाला. मला बरं वाटायला हवं होतं.

सम्यकनं गाणं लावलं.

ती खोलीत होती. याहून वेगळं सांगता येत नाही. आधी श्वास घेतला, जरासा नाकातून, सवयीप्रमाणे, आणि मग ती धारदार, किंचित खरखरीत पट्टी. नाव माझं लिहिलं गं. सम्यकनं डोळे मिटले. मी भिंतीकडं तोंड केलं. शेवटच्या कडव्यात आशाबाईची टाळी जागेवर पडली आणि त्या टाळीवर जो शब्द यायचा, तो आला नाही.

नाव माझं लिहिलं गं, माझ्याच.

"हातानं कुठं गेलं?" मी विचारलं.

"दम पुरला नसेल आईला. तेव्हा थकलेली होती."

मी हो म्हणालो. पण पाचोडच्या आठवडी बाजारात, भोंगा बंद पडल्यावर, ती आख्ख्या गर्दीवर नुसत्या गळ्यानं गायलेली मी ऐकली आहे. ती शब्द सोडणारी बाई नव्हती.

४

दुसऱ्या दिवशी शेवटचं कडवं गेलं. कडवं होतं, म्हणजे त्याची जागा होती. श्वास होता, टाळी होती, मध्ये काही नव्हतं. पुन्हा श्वास. पुन्हा टाळी.

सम्यकनं कारणं काढली. बारीक आवाज आपोआप कापणारं काहीतरी चालू राहिलं असेल. डिस्क खराब असेल. तो बटणं बदलायचा आणि पुन्हा वाजवायचा, मी शेजारी उभा राहून 'परत लाव' म्हणायचो. चूक सापडेपर्यंत टेप पुन्हा पुन्हा ऐकायची, ही माझीच शिकवण. प्रत्येक वेळी आणखी थोडं कमी व्हायचं. माझ्या मोबाईलवर तेच गाणं होतं. स्वयंपाकघरात जाऊन लावलं तर तिथंही तेवढंच उरलेलं. ते इंटरनेटवरून त्याच फाइलला जोडलेलं आहे, असं सम्यक म्हणाला. मी त्या सॉफ्टवेअर कंपनीला इंग्रजीत एक खरमरीत पत्र लिहिलं. एका स्वयंचलित उत्तरानं माझे आभार मानले.

त्याच सुमारास डाव्या भिंतीवरची वाकळ एका बाजूनं खिळ्यातून सुटून लोंबली. ती टांगताना मी एका हातानं उचलली होती. आता आम्हा दोघांना उचलवेना.

"ओल धरली असेल," सम्यक म्हणाला.

एप्रिल चालू होता. शहरात पाणी आठवड्यातून एकदा येत होतं. मी वाकळेवर तळहात ठेवला. कोरडी होती. पण दुपारी झोपून उठलेल्या माणसाची पाठ असते तशी ऊब तिला होती.

भिंत पश्चिमेची आहे, तापते, असं मी स्वतःला सांगितलं. मग आठवलं की वाकळ आणि भिंत यांच्यामध्ये आम्ही वीतभर जागा सोडली होती.

त्या संध्याकाळी गाण्यात नुसते श्वास उरले. एकापाठोपाठ एक, कडव्यांच्या अंतरानं. दर वेळी वाटायचं, आता गाईल.

५

एका बातमीला दोन सूत्रं लागतात. दुसरं सूत्र बिडकीनला होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी आशाबाईनं कोरसला बसल्या बसल्या आपला मोबाईल मांडीवर ठेवून गाणं भरून घेतलं होतं. तिचं वेगळं, आमच्या फाइलशी काही संबंध नसलेलं.

मी बसनं गेलो. आशाबाई दारातच मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. तिनं हात पुसले, मोबाईल काढला आणि लावला.

सत्यभामा गायली. सगळं गाणं, शेवटच्या 'हातानं'पर्यंत. मध्येच कुकरची शिट्टी, आशाबाईच्या बांगड्या, सम्यकचं 'मावशी, जरा हळू'. मी गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत राहिलो. बाजेवर घडी घालून एक वाकळ ठेवली होती, आमच्याकडून नेलेल्या काठांची. मी तिच्यावर हात ठेवून पाहिला. गार होती.

"हिच्यात घातलाय तुकडा?" मी विचारलं. थट्टेच्या सुरात विचारायचं होतं, जमलं नाही.

आशाबाईनं माझ्या हाताकडं पाहिलं. "काय झालं, दाजी?"

मी सांगितलं. माझं बोलणं मलाच बावळटासारखं ऐकू येत होतं. तिनं मोबाईल पदराखाली घेतला.

"मंग हे नाय देत. ऐकू वाटलं की हितं येत जा. मी च्या करते, तुम्ही ऐका."

"आशाबाई, हा पुरावा आहे. एकाच मोबाईलमध्ये ठेवायचा? उद्या हा पाण्यात पडला तर? बाया विहारात येणारेत, त्यांना काय ऐकवू?"

"बायास्नी म्या सांगते."

"माझी बायको होती ती!"

हे मी ओरडून म्हणालो. शेजारच्या घरातून एक बाई डोकावली. आशाबाईनं मान खाली घातली आणि मोबाईलमधलं कार्ड नखानं काढून माझ्या हातावर ठेवलं.

"त्या खोलीत लावू नगा," ती म्हणाली. "बाईच्या गळ्याची आन हाय तुम्हाला."

आणाभाका मी मानत नाही. तरीही हो म्हणालो.

६

सम्यकनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, लहान मुलाला बघतात तसा.

"पप्पा, तुम्हीच म्हणता ना, पुरावा दाखवा. वाकळ आवाज शोषते. फाइल नाही खाऊ शकत."

"कार्डाच्या प्रती काढ. संगणक बाहेर आण."

प्रती त्यानं हॉलमध्येच काढल्या, माझ्यासमोर. एक पेन ड्राइव्हवर, एक लॅपटॉपवर. मग म्हणाला, बांगड्या आणि कुकर काढायचे तर नीट ऐकायला लागेल, आणि हॉलमध्ये रस्त्याचा आवाज आहे. आम्ही बराच वेळ वाद घातला. शेवटी तोडगा त्यानं काढला. हेडफोन. हेडफोनमध्ये खोलीचा संबंधच येत नाही. आवाज थेट कानात जातो, भिंतींना कळतही नाही. मला हे पटलं. याच्यात चूक कुठं आहे, हे मला अजूनही दाखवता येत नाही.

तो पेन ड्राइव्ह घेऊन आत गेला, दार लावलं. मी काचेतून बघत राहिलो. त्यानं हेडफोन चढवले, बटण दाबलं आणि माझ्याकडं बघून अंगठा वर केला. आहे. सगळं आहे. त्याचा चेहरा उजळला, आईवर गेलेला चेहरा. तो डोलायला लागला. आणि मग त्याचे ओठ हलले.

तो तिच्याबरोबर गात होता.

मी दारावर थापा मारल्या. आमचं दार जुनं, सागवानी, गल्लीभर ऐकू जाईल असं. माझ्या थापांचा मला स्वतःलाही आवाज आला नाही. दार ढकललं तर आतून दाराच्या पाठीवरच्या वाकळेचं ओझं टेकलं होतं. काचेतून दिसत होतं, सम्यकचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. मग तो थांबला. हेडफोन दाबून धरला. परत वाजवलं. परत. त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला, आणि तेव्हा कुठं दार उघडलं.

"गेलं," तो म्हणाला. त्याचा घसा पूर्ण बसला होता.

मी स्वयंपाकघरात जाऊन कार्ड माझ्या मोबाईलमध्ये घातलं. कुकरची शिट्टी होती. बांगड्या होत्या. 'मावशी, जरा हळू' होतं. आशाबाईची टाळी एका बाईला झेलत होती, आणि ती बाई तिथं नव्हती. पेन ड्राइव्हवर तेच. लॅपटॉपवर तेच.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी सम्यक घसा दाखवायला गेला तेव्हा मी ज्वारीची भाकरी थापली. मला येत नाही. तुटकी, कच्ची, कशीतरी झाली. तिचे तुकडे केले, सत्यभामेच्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि खोलीत गेलो.

कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, ओल तपासायला गेलो होतो.

डाव्या भिंतीवरच्या वाकळेचा खालचा कोपरा मी उसवला. आशाबाईचा शेवटचा टाका पटकन तुटला. आत थरांमध्ये बोटं घातली. बाहेरून कोरडी असलेली ती आतून ओली होती. दमट नाही, ओली. आणि गरम. मी भाकरीचा तुकडा आत सरकवला. थर माझ्या बोटांभोवती मिटले. जोर अजिबात नव्हता. सम्यक तान्हा असताना त्याला घास भरवायचो तेव्हा त्याच्या हिरड्या अशाच मिटायच्या. मग कापडात एक हालचाल वर गेली, वरच्या काठापर्यंत. तुकडा बोटांतून गेला.

मी ओरडलो असणार. ऐकू काहीच आलं नाही.

टेबलावर तो आरसा अजून तसाच उभा होता, आम्ही खुणा करून झाल्यावर ठेवलेला. माझी नजर त्यात गेली. माझ्या पाठीमागची भिंत दिसत होती, तिच्यावरच्या वाकळा, कोपऱ्यातली तिरकी, छताची कड. त्या चौकटींवर ताणलेल्या नव्हत्या. सगळ्यांचे खालचे कोपरे भिंतीपासून सुटून, माझ्या पाठीकडं, वर उचललेले होते. हातात घास दिसल्यावर लेकरं माना वर करतात तसे.

माझ्या दुसऱ्या हातात उरलेली भाकरी होती. ती मी तिथंच टाकली. मागं वळून पाहिलं नाही.

८

सम्यक म्हणतो, काढून जाळून टाकू. लिहून सांगतो, कारण त्याचा घसा परत आलेला नाही. डॉक्टरांना काही सापडत नाही. मी जाळू देत नाही. सत्यभामेचा आवाज कुठं आहे हे मला माहीत आहे. जगात तेवढी एकच जागा आहे.

विहारात बाया जमल्या. आशाबाईनं टाळी धरली, पण पुढं कुणी गायलं नाही, आणि थोड्या वेळानं तिनंही हात मांडीवर ठेवले. माझ्याकडं तिनं एकदाच पाहिलं. शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता मी रोज दुपारी भाकरी घेऊन आत जातो. एकेक कोपरा उसवून झाला आहे. त्या सगळं घेतात. परत काही देत नाहीत. परवा मी तिथं खुर्चीत डोळे मिटून बसलो आणि पाचोडचा तो बाजार आठवायला लागलो. भोंगा बंद पडलेला, धूळ, ती लाकडी माचीवर उभी, पदर खोचलेला, तोंड उघडलं, आणि गर्दी गप्प झाली. गर्दी गप्पच राहिली. मी घाईघाईनं दुसरं काहीतरी आठवलं. ओट्याजवळून ती मला चहाला हाक मारते आहे. ओठ हलले. मी पळत बाहेर आलो, पण उशीर झाला होता.

आवाज उंच होता. धारदार होता, किंचित खरखरीत. गाण्याआधी नाकातून श्वास घ्यायची. हे मी वर लिहिलं आहे, ते वाचून सांगतो आहे. माझ्याकडं तिच्या आवाजाची बातमी तेवढी उरली आहे.

आज सकाळी आशाबाईचा फोन आला. मी तिला सांगायला गेलो की तुमच्या मैत्रिणीला मी घालवलं, आणि मैत्रिणीचं नाव घ्यायला तोंड उघडलं. श्वास घेतला. पलीकडून आशाबाई 'दाजी, दाजी' करत राहिली.

मग मी फोन ठेवला, कागद ओढला आणि लिहून पाहिलं.

सत्यभामा.

लिहिता येतं अजून. माझ्याच हातानं.